चौथा दिवस

सातव्या दिवशी दुपारी आमची मोठी कढई तडकली. सातवा दिवस म्हणजे इतर लोक ज्याला शनिवार म्हणतात तो. आम्ही स्नेहीजन, लोक ज्यांना क्वेकर म्हणतात, वारांना जुन्या देवांची नावं देत नाही. रविवार हा पहिला दिवस, तिथून पुढे मोजत जायचं. महिन्यांचंही तसंच, जानेवारी पहिला. जन्मापासून तोंडात बसलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या कानाला ते वेगळं लागत असेल हे ध्यानातच येत नाही.

कढई तडकली ती महलोनच्या, माझ्या नवऱ्याच्या, हातून. बर्फावर घसरून त्याचा डावा खांदा निखळला होता आणि हात गळ्यात बांधलेला होता. चुलाणावरचा पाक आटत आला तशी त्यानं घाईनं, एकाच हातानं, झाडांच्या गार रसाची बादली कढईत रिकामी केली. बंदुकीसारखा आवाज झाला. काकवी विस्तवात सांडली आणि तिचा जळका वास सगळ्या राईत पसरला. आमच्याकडे काम करणारा आयझम वेड तेव्हा कावड खांद्यावर घेऊन झाडांतून येत होता. त्यानं कावड उतरवली, काठीचं टोक कढईच्या पोटावरून फिरवलं आणि तड पार काठापर्यंत गेलीय म्हणाला. महलोननं मान खाली घातली. आयझमनं त्याला बसायला ओंडका ओढून दिला आणि विस्तव विझवायला घेतला.

त्या वर्षी ओहायोच्या आमच्या टेकड्यांत थंडी तिसऱ्या महिन्याच्या मध्यापर्यंत हललीच नव्हती. ज्यांच्या खोडातल्या गोड रसाची आम्ही साखर करतो ती मेपलची झाडं मुकी उभी होती. आता कुठे रात्री गोठायला आणि दिवसा ऊन पडायला लागलं होतं, आणि साडेतीनशे झाडं एकदम वाहू लागली होती. असा रस फार तर तीन आठवडे चालतो. आमच्या घरात उसाची साखर येत नाही आणि कापूस अंगाला लागत नाही, कारण दोन्हीच्या मागे गुलामांची पाठ असते. लग्नाच्या दिवशी मी हे व्रत घेतलं. त्यामुळे वर्षभराची गोडी या राईतूनच यायची.

पुढचा दिवस रविवार, आमचा पहिला दिवस, म्हणजे कामाला सुट्टी. झाडाखालच्या बादल्या भरून वाहत होत्या आणि आम्ही सभाघरातून येताना त्या नुसत्या पाहत आलो. कुंपणापलीकडून टोबायस क्रमनं हटकलंच. टोबायस आमचा शेजारी, घोडे पैदा करतो, आमच्या थॉर्न रन गावात त्याच्याएवढी चांगली जोडी कुणाची नाही. पळालेल्या गुलामांना धरायचा नवा कायदा ज्या पक्षानं करवून घेतला त्यालाच त्यानं मत दिलं होतं, आणि गुलामीविरुद्ध बोलणाऱ्यांना तो सरसकट गुलामवेडे म्हणायचा. वहिनी, तुमच्या साखरेत पुण्य जास्त आणि गोडी कमी, आज तर तीही मातीत चालली, असं म्हणून तो हसला. संध्याकाळी मात्र त्याच्या दोन लहान कढया आमच्या चुलाणापाशी आणून ठेवलेल्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आयझम आमची घोडी आणि गाडी घेऊन नवी कढई आणायला निघाला. लोखंडाची भट्टी दक्षिणेला पंचवीस मैल. चिखल धरला तर एक दिवस जायला, एक दिवस माल मिळायला, एक दिवस परत यायला.

आयझम पाच वर्षांपूर्वी नदी ओलांडून व्हर्जिनियातल्या गुलामीतून पळून आला होता. दोन दिवस विसावून पुढे जाणार होता. पण तेव्हा गुऱ्हाळ चालू होतं आणि त्यानं झारा हातात घेतला तो घेतलाच. मळी कधी काढायची, पाकाला तार कधी येते, हे त्याला वासावरून कळायचं. मग डॉर्कसशी त्याचं लग्न झालं. ती इथली, स्वतंत्र जन्मलेली, पिंपं करणाऱ्या कारागिराची मुलगी. ओढ्याकाठी दोघांनी खोपटं बांधलं. पाच वर्षांत त्याला कुणी कुठला म्हणून विचारलं नाही. मग गेल्या नवव्या महिन्यात कायदा आला. पळून आलेल्याला आता कुठेही, कितीही वर्षांनी धरता येत होतं. आमच्या सभेतल्या काही जणांना त्याविरुद्ध जाहीर सही करायची होती. महलोन सभेचा वडीलधारा. तो म्हणाला की आपण कायद्याशी भांडत नाही, जी शिक्षा येईल ती सोसतो. आयझम त्या दिवशी आमच्या ओसरीवर झाडांत ठोकायच्या रसाच्या नळ्या तासत बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा तासायला लागला.

तर त्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी मी लहान कढयांपाशी एकटी होते. डॉर्कस मागे बादल्या घासत होती. एक गृहस्थ घोड्यावरून आला, हातात कातडी मोजे, बोलणं मऊ. साखर पाहायला आलोय म्हणाला. मी त्याला गेल्या वर्षीच्या वडीचा तुकडा दिला. त्यानं चाखला, वाखाणला, एवढी उजळ साखर उतरवतो तरी कोण म्हणून विचारलं. मी आयझमचं नाव सांगितलं. मला त्याच्या हाताचा अभिमानच होता. त्याला भेटता येईल का, कधी येईल तो, असं त्यानं विचारलं.

"तो चौथ्या दिवशी परत येईल," मी म्हणाले.

त्यानं मोज्यातली बोटं एकेक करून मिटली, चार. मला वाटलं किती वड्या घ्यायच्या ते मोजतोय. मग त्यानं टोपी काढली आणि गेला.

डॉर्कस ओले हात पुसत पुढे आली. तो गेला त्या वाटेकडे बराच वेळ बघून म्हणाली, त्यानं भाव नाही विचारला. मी म्हटलं, विसरला असेल. उरलेल्या बादल्या तिनं वाटेकडे तोंड करून घासल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी टोबायस कुंपण ओलांडून आला तो लालबुंद होऊन. महलोन चुलाणात लाकूड सारत होता, मी मळी काढत होते, डॉर्कस कावड आणत होती. टोबायसनं आम्हा कुणाकडेच पाहिलं नाही. तो एका मेपलसमोर उभा राहिला आणि त्या झाडाशीच बोलायला लागला.

"मला ताकीद आहे, कुणाही माणसाला सांगायचं नाही," तो झाडाला म्हणाला. "तू माणूस नाहीस. तेव्हा ऐक."

काल संध्याकाळी चौकातल्या खानावळीत त्याला एका गृहस्थानं बाजूला घेतलं होतं. तो डेप्युटी मार्शल, म्हणजे कायदा बजावणारा सरकारी अंमलदार निघाला, हार्लन स्टाउट नावाचा. त्याच्याबरोबर व्हर्जिनियातल्या मालकाचा माणूस. कोपांच्या, म्हणजे आमच्या, गुऱ्हाळावरचा आयझम त्यांना हवा होता. स्टाउट म्हणाला, गावात सगळ्यात चांगली गाडी आणि जोडी तुझी, गुरुवारी सकाळी सात वाजता ती घेऊन यायचं, दोन दांडगे गडी आणायचे, माणूस बांधून चाळीस मैलांवर कमिशनरपुढे पोचवायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. कायद्यात तसंच लिहिलं होतं, बोलावलेल्या प्रत्येक भल्या नागरिकानं मदत केलीच पाहिजे, अडथळा आणला तर हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद.

"त्या कमिशनरपुढे आयझमला तोंड उघडायची परवानगी नाही," टोबायस झाडाला सांगत होता. "पंच नाहीत, साक्ष नाही. आणि कमिशनरनं सोडलं तर त्याला पाच डॉलर, परत धाडलं तर दहा. माझ्या घोडेबाजारात असं माप कुणी ठेवलं तर लोक त्याला तुडवतील. आणि माझी गाडी! माझ्या गाडीत कोण बसणार ते हा टोपीवाला ठरवणार?"

महलोननं विचारलं, गुरुवारच का.

टोबायस आता माझ्याकडे वळला. "वहिनींनीच सांगितलं म्हणे त्याला."

माझ्या हातातला झारा कढईच्या काठावर वाजला. मोज्यांतली ती बोटं मला दिसली. डॉर्कसनं कावड अंगावरून उतरवली नव्हती. दोन्ही बादल्या तशाच झुलत होत्या आणि तिच्या घागऱ्यावर रस सांडत होता.

"ताई, तू त्याला दिवस सांगितलास?"

मी हो म्हटलं. मी म्हटलं, मला वाटलं तो साखर घ्यायला आलाय, म्हणून मी चौथा दिवस सांगितला.

"तेच ते," टोबायस बोटांवर मोजत म्हणाला. "सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चौथा."

महलोन लाकूड हातात धरून उभा होता. "टोबायस," तो सावकाश म्हणाला, "चौथा दिवस उद्या आहे."

टोबायसनं पुन्हा बोटांकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरत गेलं. तो लाकडाच्या ढिगावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. वीस वर्षं मी तुमच्या या मोजणीला हसतोय, म्हणाला, आणि आज सरकारी माणूस तिच्यात पाय अडकून पडला. माझ्याही तोंडून हसू फुटलं, आणि लगेच डोळ्यांना पाणी आलं. एक दिवस मिळाला होता. आयझम बुधवारी दुपारी येणार आणि ते गुरुवारी सकाळी. एवढ्या वेळात त्याला उत्तरेच्या वाटेला लावलं तर सरहद्दीवरचं मोठं तळं ओलांडून तो कॅनडात, आणि तिथे हा कायदा नाही. नाही जमलं तर व्हर्जिनिया, जन्मभर.

महलोन मात्र हसत नव्हता.

"असेनाथ," तो म्हणाला, "तो माणूस चुकीचं समजून बसलाय, आणि आता आपल्याला ते ठाऊक आहे."

टोबायस हसायचा थांबला. मग काय, जाऊन सांगणार त्याला, असं त्यानं विचारलं. खोटं बोलायचं नाही, एवढ्यावर आमचा नियम थांबत नाही. आपल्या शब्दानं दुसऱ्याच्या मनात खोटं बसलं तर ते तिथे राहू द्यायचं नाही. बाजारात कुणी चुकून जास्त पैसे दिले तर आम्ही मैलभर मागे धावतो. रोज सकाळी डोळे मिटून मी आदल्या दिवशीचा माझा प्रत्येक शब्द तपासते. त्या नियमानं पाहिलं तर आत्ता उठून, झगा आवरून, खानावळीकडे चालू लागायला हवं होतं. महलोन म्हणाला की उद्या सभेत बसून वाट विचारू.

डॉर्कसनं आता कावड उतरवली. शाल डोक्यावरून घेऊन गच्च बांधली.

"तुम्ही देवाला विचारत बसा," ती म्हणाली. "मी रस्त्याला विचारते." आणि भट्टीच्या दिशेनं चालू लागली.

त्या दिवशी मी एकटीनं कावड वाहिली. आमच्याकडच्या बर्फात दुपारी पाय घोट्यापर्यंत रुतायचा आणि बाहेर काढताना चिखल बूट ओढून घ्यायचा. खांद्याची कातडी कावडीच्या लाकडाखाली सोलली गेली. रस तर थांबत नव्हता, टपटप, टपटप, सगळ्या राईत. कढयांत मळी चढली की मी डुकराच्या चरबीचा तुकडा सोडायची, फेस बसायचा, पुन्हा चढायचा. दर खेपेला मला वाटायचं, ही बादली रिकामी केली की जायचं आणि त्याला सांगायचं. एकदा मी खरंच कुंपणाच्या फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी हातात घेतली. ती फार गार होती. मी ती धरून उभी राहिले, मग सोडली आणि मागे वळले. त्या क्षणापासून ती नुसती त्याची चूक राहिली नव्हती, माझीही झाली होती, हे मला नीट कळत होतं. आणि लाज वाटावी इतका मला आनंद झाला होता.

चौथा दिवस आमच्या आठवड्याच्या मधल्या सभेचा. गुऱ्हाळ असो की कापणी, काम टाकून जायचं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, कुणी उपदेशक नाही, सगळे शांत बसतात. ज्याला आतून हुकूम होईल तो उठून बोलतो. त्या दिवशी चुलीतलं लाकूड तडतडत होतं आणि छपरावरचं बर्फ वितळून खिडकीपाशी गळत होतं. बाहेर टोबायसच्या घोड्यांचं फुरफुरणं ऐकू येत होतं. तो आमच्या सभेत कधी आत येत नाही, पण सकाळपासून जोडी जुंपून सभाघरासमोर उभा होता. इथे उभं राहायला बंदी आहे का, असं त्यानं येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं होतं.

मी उठायचं ठरवलं होतं. गुडघ्यांवर हात टेकले आणि तेवढ्यात वडीलधाऱ्यांच्या बाकावरून महलोन उठला.

"कायदा सोसावा, असं मी तुम्हाला सांगत आलो," तो म्हणाला. "पण सोसायचं ते आयझमच्या अंगानं. माझं अंग मी त्यात कधी घातलंच नाही. हे मला काल कळलं, एका बाईनं माझ्याकडे पाठ फिरवली तेव्हा. मी चुकलो होतो."

तो खाली बसला. आणि त्या शांततेत दुरून चाकांचा आवाज आला, ओल्या मातीतला जड, खडखडीत आवाज, आणि आमच्या घोडीची दमलेली टाप.

सभा मोडायची ती वडीलधाऱ्यांनी एकमेकांचा हात धरून, तशी रीत आहे. महलोननं शेजाऱ्याचा हात इतका घाईनं ओढला की तो बिचारा बाकावरून सरकलाच. आम्ही सगळे बाहेर आलो. गाडीत ती प्रचंड काळी कढई होती, चार माणसांनी उचलावी अशी. आयझम लगाम धरून, डॉर्कस त्याच्या शेजारी, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. भट्टीच्या अलीकडे आठ मैलांवर तिला तो भेटला होता. भट्टी दक्षिणेला आणि तळं उत्तरेला, दुसरी वाट नव्हती, आमच्या खोऱ्यातून आणि खानावळीच्या चौकातूनच जायचं होतं. घोडीच्या तोंडाला फेस होता. ती आणखी एक मैलही गेली नसती.

मी गाडीपाशी गेले आणि आयझमला म्हटलं की दिवस मीच सांगितला. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या तोंडाचा कोपरा हलला.

"ताई, पहिल्या वर्षी तू मला चौथ्या दिवशी लाकडं फोडायला बोलावलं होतंस," तो म्हणाला. "मी पाचव्या दिवशी आलो. तू काही बोलली नाहीस, पण जेवायला थंड दिलंस."

टोबायसनं आपली गाडी मागे घेऊन आमच्या गाडीला लावली. गुरुवारी सात वाजता गाडी पाहिजे असं मार्शल म्हणाला होता, बुधवारबद्दल तो काही बोललाच नाही, असं त्यानं सर्वांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. कढई त्या गाडीत कशी घालायची यावर थोडी बाचाबाची झाली. मग आयझमनंच सांगितलं, पालथी घाला. आत कोंडा पसरला, एक घोंगडी टाकली, आणि तो गुडघे छातीशी घेऊन बसला. सहा पुरुषांनी कढई उचलून धरली. बायकांनी शाली, पाव, खारवलेलं मांस, एक जुना कोट असं काय काय आत सारलं, आता मी कुठे बसू असं तो विचारेपर्यंत. श्वासासाठी कढईच्या काठाखाली लाकडाची पाचर ठेवली. कढई टेकायच्या आधी त्यानं मला हाक मारली.

"नव्या कढईला आधी चरबी चोळून मंद तापव. आणि महलोनला तिच्याजवळ फिरकू देऊ नकोस."

महलोन कढईच्या एका बाजूला एकाच हातानं वजन धरून उभा होता. तो मान हलवून हो म्हणाला.

डॉर्कस टोबायसच्या शेजारी उघड बसली, मांडीवर धुण्याचं गाठोडं. तिच्या स्वातंत्र्याचा कागद चोळीत होता, पण नव्या कायद्यापुढे त्या कागदाचं वजन किती, ते तिलाही ठाऊक होतं. गाडी हलली. आम्ही रस्त्यात उभे राहून चाकांचा आवाज थांबेपर्यंत ऐकत होतो.

चौकात काय झालं ते टोबायसनं नंतर इतक्या वेळा सांगितलं की दर वेळी मार्शल एक बोट उंच होत गेला. एवढं खरं की स्टाउट खानावळीच्या पायरीवर बसून पाईप ओढत होता आणि टोबायसला पाहून उठून आला. आजच कुठे निघालास म्हणाला. टोबायस म्हणाला की उद्या सरकारी काम आहे, म्हणून आज चाकं बघून घेतोय, आणि जाता जाता ही कढई पोचवतोय. स्टाउटनं बोटाच्या पेरांनी कढई वाजवली. लोखंड घणघणलं. डॉर्कस गाठोड्यातली चादर उलगडून पुन्हा घडी घालायला लागली. चांगली जाड आहे, स्टाउट म्हणाला. टोबायस म्हणाला, उगीच कुणी पंचवीस मैल जात नाही. मग मार्शलनं त्याला घोडे फार दमवू नकोस, उद्या लागणार आहेत, असा सल्ला दिला, आणि टोबायसनं त्याचे आभार मानले.

पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता स्टाउट आणि तो व्हर्जिनियाचा माणूस आमच्या राईत आले. दोघांच्या कमरेला पिस्तुलं. ते आले आणि थबकले. राईत माणसंच माणसं होती. आमच्या सभेतले सगळे तर होतेच, पण आमच्याशी एरवी न बोलणारे, टोबायसच्या पक्षाचे, लोहार, पिठाची गिरणी चालवणारा, बायका, कुणाच्या हातात विणकाम, कुणाच्या कडेवर पोर. टोबायसला दोन गडी आणायला सांगितलं होतं. तो निघताना लोहाराला सांगून गेला होता की भल्या नागरिकांनी मदतीला यायचंय, आणि भले नागरिक कोण हे लोहार ठरवत बसला नव्हता. तो घरोघर जाऊन सांगून आला होता.

टोबायस स्वतः सगळ्यांनंतर आला. घोडे पोटापर्यंत चिखलात बरबटलेले, माना खाली. गाडीत कढई होती, आता सुलटी. स्टाउटनं घोड्यांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. कुठे होतास म्हणून विचारलं. टोबायस म्हणाला, चाकं बघत होतो, एक चाक बघता बघता लांब गेलं.

ते शोधायला लागले, तेव्हा सगळेच शोधायला लागले. कायद्यानंच सांगितलं होतं ना. पन्नास माणसं मार्शलच्या पुढेमागे, साहेब इथे बघू का, साहेब या बादलीत बघू का. कुणीतरी डॉर्कसच्या खोपट्याचं दार धरून ठेवलं, तर दुसऱ्यानं मागच्या खिडकीतून आत वाकून इथे फक्त मांजर आहे असं कळवलं. व्हर्जिनियाच्या माणसाचा पाय रसाच्या पिंपात गेला. पण कुणाचा हात कुणावर उठला नाही, एवढं मी देवासमोर सांगते.

तेव्हा आयझम कुठे होता, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. टोबायसनं त्यांना, पळालेल्यांना आसरा देणाऱ्या घरांपैकी दोन घरं पलीकडे सोडलं होतं, आणि पुढच्या घराचं नाव त्यालाही सांगितलं गेलं नव्हतं. तळ्यापलीकडून डॉर्कसचं पत्र आलं ते चौथ्या महिन्याच्या शेवटी.

शेवटी स्टाउट चुलाणापाशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आज त्याच्या हातात मोजे नव्हते. क्वेकर लोक खोटं बोलत नाहीत असं ऐकलं होतं, तो म्हणाला, तुम्ही मला चौथा दिवस सांगितलात.

मी झारा खाली ठेवला. मला फार मोठ्यानं बोलता येत नाही, पण राई एकदम शांत झाली होती. रसाचे थेंब ऐकू येत होते.

"चौथा दिवस काल होता," मी म्हणाले. "आमच्यात तसंच मोजतात. तुझ्या मोजणीनं सांगायचं तर, सोमवारी मी जे बोलले ते खरं होतं. पण तू चुकीचं समजलास हे मला मंगळवारी कळलं. मी फाटकापर्यंत आले होते तुला सांगायला. मी परत फिरले. ते मी जाणूनबुजून केलं."

महलोननं डोळे मिटले होते. स्टाउट क्षणभर गोंधळला. कबुली त्यानं मागितलीच नव्हती. मग त्यानं खिशातून वही काढली, पेन्सिल ओली केली आणि माझं नाव विचारलं. मी सांगितलं, असेनाथ कोप. त्याला लिहिता येईना म्हणून अक्षरं एकेक करून सांगितली. पलीकडून महलोन आला, त्यानं आपलं नाव लिहायला सांगितलं, कारण त्यालाही मंगळवारी कळलं होतं. स्टाउटनं लिहिलं. मग लोहार पुढे झाला. तुला कधी कळलं, असं स्टाउटनं विचारलं. बुधवारी, लोहार म्हणाला, पण मीही आलो नाही सांगायला. मग गिरणीवाला आणि त्याची बायको, मग विणकाम हातात असलेली एक म्हातारी, आणि तिच्यामागे इतकी माणसं की ओळ चुलाणाला वळसा घालून गेली. ज्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं ते आधी शेजाऱ्याकडून ऐकून घेत होते आणि मग ओळीत उभे राहत होते. स्टाउट पानामागून पान उलटत होता. व्हर्जिनियाचा माणूस ओल्या बुटानं एका ओंडक्यावर बसला होता आणि त्याला कुणीतरी गरम पाक दिला होता.

सगळ्यात शेवटी टोबायस. त्याच्या दाढीत सुकलेला चिखल होता. तो आला आणि वहीत वाकून पाहायला लागला.

"क्रम," तो म्हणाला. "शेवटी दोन एम आहेत."

स्टाउटची पेन्सिल थांबली. खानावळीत सोमवारी संध्याकाळी तूच मला म्हणाला होतास की हे गुलामवेडे गाव बुडवणार, तो म्हणाला, आणि तूही यांच्यातलाच?

"सोमवारपर्यंत नव्हतो," टोबायस म्हणाला.

त्यानं चिखलाचं बोट वहीतल्या कोऱ्या ओळीवर ठेवलं, म्हणजे स्टाउटला जागा शोधावी लागू नये.